जुन्या लाकडाची परीक्षा आणि पुनरुपयोग

१. प्रास्ताविक

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या एका रुंद रस्त्यास आज कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात. पूर्वी त्याचे नाव कर्झन रोड असे होते. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली व १९३१ साली नव्या नगरीचे औपचारिक उद्घाटन झाले. त्या काळात या रस्त्याच्या दोन्ही अंगांस विस्तीर्ण आवारांतून बैठे बंगले उभे राहिले. १९६० नंतरच्या दशकांत त्यांपैकी पुष्कळसे पाडले जाऊन त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. कामानिमित्त दिल्लीस जाणाऱ्या महाराष्ट्रीयांना हा मार्ग परिचित आहे. कारण २०१३ साली उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे.

असा एखादा बंगला पाडला जातो तेव्हा विटांचा व चुन्याचा मलबा गाडीत भरून जातो. परंतु त्याच्या दारांचे, खिडक्यांचे व चौकटींचे लाकूड कोठे जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. दिल्लीतील बंगल्यांचे जे झाले तेच आपल्याकडील वाड्यांचे झाले व अजूनही होत आहे. पुण्याच्या पेठांतील कित्येक वाडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात कोसळले; जे वाचले त्यांतील अनेक पुढे सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींसाठी पाडले गेले. सातारा, वाई, नाशिक येथील चित्रही फारसे वेगळे नाही. वाड्यात बंगल्यापेक्षा लाकूड कितीतरी अधिक असते: खांब, तुळया, कडीपाट, तक्तपोशी, जिने, वासे, आढी, किंबहुना वाड्याचा सांगाडाच लाकडाचा असतो.

या लाकडाविषयी दोन समज रूढ आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत. एक म्हणतो, 'जुने ते सोने'. वाड्याचे सागवान म्हणजे लोखंडाहून बळकट, ते डोळे मिटून वापरावे. दुसरा म्हणतो, जुने लाकूड म्हणजे सरपण. त्याचे आयुष्य संपलेले आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. लाकडाचे वय हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. त्या वयात लाकूड कोठे होते, कोरडे होते की ओले, त्यावर भार किती होता व त्यास कोणत्या किडीने गाठले, यांवर त्याची योग्यता ठरते. आणि ती योग्यता परीक्षेवाचून कळत नाही. ही परीक्षा कशी करावी व तीत उतरलेल्या लाकडाचा घरबांधणीत उपयोग कसा करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

२. लाकडाची रचना

लाकूड हे असंख्य सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असते. या नळ्या म्हणजे वृक्षाच्या पेशी होत. त्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांच्या असतात. सेल्युलोजचे तंतू ताण सोसतात आणि लिग्निन त्यांना एकत्र बांधून ठेवते. नळ्या खोडाच्या लांबीच्या दिशेने उभ्या असल्यामुळे लाकूड लांबीच्या दिशेने अतिशय बळकट व आडव्या दिशेने बरेच दुबळे असते. कुऱ्हाडीने ओंडका उभा सहज फुटतो, आडवा तुटत नाही, याचे कारण हेच.

खोडाचा आडवा छेद घेतला तर बाहेरचा फिकट पट्टा आणि आतील गडद भाग असे दोन भाग दिसतात. बाहेरच्या भागास रसकाष्ठ म्हणतात. वृक्ष जिवंत असता त्यातून रस वाहतो व त्यात पिष्ट साठते. आतील भाग म्हणजे गाभा, अर्थात मध्यकाष्ठ. त्यातील जिवंत पेशींचे कार्य संपलेले असून त्यात राळ, तेल, रंगद्रव्ये आदी पदार्थ साठलेले असतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य व काही तैलयुक्त पदार्थ असतात. वाळवी व बुरशी यांना ते मानवत नाहीत, म्हणून सागाचा गाभा टिकतो. सागाच्याच रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते. पिष्टाच्या लोभाने कीड प्रथम तेथेच शिरते. तेव्हा 'साग किडत नाही' हे विधान केवळ गाभ्यापुरते खरे आहे, ही गोष्ट प्रथमच लक्षात घेतली पाहिजे.

वाड्यांच्या सागवानाचे जे कौतुक होते त्याचे मुख्य कारणही यातच आहे. ते नैसर्गिक वनांतील मोठ्या वृक्षांचे असल्यामुळे त्यात गाभ्याचे प्रमाण अधिक असते. आज लागवडीतील वृक्ष लवकर तोडले गेल्यास त्यांत रसकाष्ठाचा वाटा मोठा राहतो. निव्वळ बळात अशा नव्या सागात फार उणेपणा असतोच असे नाही. उणेपणा असतो तो टिकाऊपणात.

३. काळ लाकडाचे काय करतो?

कोरड्या जागी, किडीपासून सुरक्षित व मर्यादित भाराखाली राहिलेल्या लाकडाचे काळ फारसे बिघडवीत नाही. जपानमधील नारा प्रांतातील होर्यूजी मंदिराच्या लाकडी इमारती सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराच्या असून त्या आजही उभ्या आहेत. आपल्या घरचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज. ते १८१७ साली पाण्यात लोटले गेले आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

असे असूनही पुष्कळ लाकूड पन्नास वर्षांतच निकामी होते. त्याचे कारण वय नसून लाकडाचे चार शत्रू होत.

पहिला शत्रू बुरशी. लाकडातील आर्द्रता शेकडा २० हून अधिक काळपर्यंत वर राहिली तर बुरशी वाढू लागते आणि पेशींच्या भिंती कुजतात. म्हणून तुळईची भिंतीत गेलेली टोके, खांबाचा तळ व गळक्या कौलांखालील वासे प्रथम कुजतात, आणि मधला भाग ठणठणीत राहतो.

दुसरा शत्रू कीटक. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करीत वर येते. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आतल्या आत वर्षानुवर्षे बोगदे करीत राहतात व बाहेर केवळ बारीक छिद्रे आणि पिठासारखा भुसा दिसतो.

तिसरा शत्रू अतिरिक्त भार. लाकूड क्षणभर जेवढा भार पेलते तेवढा ते वर्षानुवर्षे पेलू शकत नाही. सतत दहा वर्षे राहणाऱ्या भाराखाली त्याचे बळ अल्पकालीन बळाच्या सुमारे तीन-पंचमांश धरले जाते. म्हणून कायमचा बाक आलेली तुळई पाहिली की तिने आपल्या शक्तीपलीकडे काम केले असावे, अशी शंका घ्यावी.

चौथा शत्रू अग्नी. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ सालच्या आगीत भस्मसात झाले आणि दगडी जोते व तटबंदी तेवढी उरली. तथापि जाड लाकूड सावकाश जळते. त्याच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर मिनिटास अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत जातो आणि तोच थर आतील लाकडाचे काही काळ रक्षण करतो. म्हणून पातळ फळ्यांपेक्षा जाड तुळया आगीत अधिक वेळ तग धरतात.

४. जुन्या लाकडाचे आजचे मोल

एके काळी सागवान सहज मिळे. शनिवारवाड्यासाठी ते जुन्नरच्या रानांतून आणले गेले असे सांगतात. पुढे मुंबईच्या इमारतींसाठी ते ब्रह्मदेशातून येऊ लागले. आता ती स्थिती राहिलेली नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वनविषयक एका खटल्यात, मंजूर कार्य-आयोजनेखेरीज वनांत होणारी वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. खुद्द दिल्लीत मुख्यालय असलेल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने वनरक्षणाच्या हेतूने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरण्यास बंदी केली होती. ती २०२० साली उठविण्यात आली. कारण विचारपूर्वक वाढविलेले व वापरलेले लाकूड हे पोलाद व सिमेंट यांच्या मानाने पर्यावरणास कमी घातक ठरते, हा विचार दरम्यान मान्य झाला होता.

हा विचार एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. बारा फूट लांब व आठ इंच चौरस अशी सागाची एक तुळई घ्या. तिचे घनफळ सुमारे सव्वापाच घनफूट भरते आणि सागाची घनता घनमीटरला ६५० किलोग्रॅम धरल्यास वजन शंभर किलोग्रॅमच्या आत-बाहेर येते. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. त्यामुळे या एका तुळईत सुमारे ४४ किलोग्रॅम कार्बन बंदिस्त आहे. ती चुलीत घातली तर त्यापासून सुमारे १६० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जाईल. तीच तुळई दुसऱ्या घरात बसविली तर हा वायू तेवढी वर्षे कोंडलेला राहील आणि शिवाय एक नवा वृक्ष उभा राहील. २०१६ सालच्या पाडकामविषयक नियमांनी मोठ्या पाडकामातील मलबा वेगवेगळा करताना लाकूडही निराळे काढण्याची जबाबदारी घातली, ती याच दृष्टीने.

५. परीक्षेचा क्रम

जुने लाकूड विकत घेण्यापूर्वी पुढील क्रमाने त्याची परीक्षा करावी. यास फार साधने लागत नाहीत. एक टोकदार चाकू, हातोडी, सुतळी, लोहचुंबक, बारीक सामता आणि शक्य असल्यास आर्द्रतामापक एवढी पुरेत.

(अ) जात ओळखणे. टोकाचा एक पातळ तुकडा करवतीने कापून ताजा छेद पाहावा. सागाचा रंग सोनेरी तपकिरी असतो. स्पर्श किंचित तेलकट असतो. वास कमावलेल्या चामड्यासारखा येतो. आणि वार्षिक वलये मोठ्या छिद्रांच्या रांगांमुळे स्पष्ट दिसतात. साल अधिक जड असून त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. देवदार हलका व सुवासिक असतो. कोकणातील घरांत सागाबरोबर फणस, ऐन, किंजळ यांचेही लाकूड आढळते. रंग दिलेल्या लाकडाची जात केवळ विक्रेत्याच्या शब्दावर मानू नये.

(आ) टोके व तळ पाहणे. भिंतीत वा जमिनीत असलेल्या भागात चाकूचे टोक दाबून पाहावे. निरोगी लाकडात ते थोडेच शिरते, आणि ढलपी काढू गेल्यास ती लांब व तंतुमय निघते. कुजलेल्या लाकडात टोक सहज रुतते व ढलपी बिस्किटासारखी तुटते.

(इ) ठोकून ऐकणे. हातोडीने सर्व लांबीवर हळूहळू ठोकीत जावे. भरीव भागाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्या भागाचा बद्द येतो. शंका येईल तेथे बारीक सामत्याने भोक पाडावे. सामता एकाएकी सैल पडला तर आत पोकळी आहे, असे समजावे.

(ई) कीड जिवंत की मृत हे ठरविणे. जुनी छिद्रे कडांना काळवंडलेली असतात. ताज्या छिद्रांच्या कडा स्वच्छ असून खाली फिकट भुसा पडलेला असतो. लाकूड झाडून स्वच्छ करावे, खाली काळा कागद पसरावा आणि काही आठवडे वाट पाहावी. कागदावर पुन्हा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. भुसा न दिसणे हा मात्र पूर्ण पुरावा नव्हे. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या कित्येक वर्षे आत राहतात.

(उ) बाक व पीळ मोजणे. तुळईच्या दोन्ही टोकांना सुतळी ताणून बांधावी व मधले अंतर मोजावे.

(ऊ) गाठी, चिरा, भोके यांची नोंद करणे. वाळताना पडलेल्या उभ्या चिरा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. तंतूंना आडवी गेलेली चीर किंवा तुळईच्या खालच्या अंगास मध्यभागी असलेली मोठी गाठ मात्र धोक्याची होय.

(ए) लोखंड शोधणे. डोके तुटलेले खिळे वरून दिसत नाहीत. लोहचुंबक फिरवून अशा प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी व अंबुराने खिळा उपटावा. कारखान्यातील यांत्रिक करवतीला आतला एखादा खिळा लागला तर पाते तुटून कामगारास गंभीर इजा होऊ शकते.

६. छेद घटला की बळ किती घटते?

किडलेला वा कुजलेला पृष्ठभाग रंध्याने काढून टाकला की लाकूड नव्यासारखे दिसते. पण दिसणे आणि पेलणे या भिन्न गोष्टी आहेत. चौकोनी तुळईचे वाकण्याविरुद्धचे बळ तिच्या रुंदीच्या प्रमाणात व उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात असतो. आठ इंच उंचीच्या तुळईचा वरून एक इंच व खालून एक इंच भाग काढला तर उंची सहा इंच उरते. म्हणजे लाकूड एक-चतुर्थांशच गेले. पण बळ मूळच्या शेकडा ५६ वर येते आणि ताठपणा शेकडा ४२ वर. ही गोष्ट न जाणता जुनी तुळई पूर्वीच्याच लांबीवर व पूर्वीच्याच भाराखाली बसविणे म्हणजे घरातील माणसांच्या जिवाशी खेळणे होय.

यावर उपाय आहे व तो गणितातच आहे. प्रत्येक फुटावरील भार तोच असता तुळईवरील वाकविणारा परिणाम तिच्या गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. बारा फुटांची तुळई दोन्ही कुजकी टोके कापून दहा फुटांच्या गाळ्यावर वापरली तर हा परिणाम शेकडा ६९ वर येतो. म्हणून जुन्या लाकडाने घर बांधताना खोलीची लांबी आधी ठरवून लाकूड शोधू नये. हाती आलेल्या निरोगी लाकडाच्या लांबीवरून खोली ठरवावी. आपल्या पूर्वजांची खणांची पद्धत याच विचाराची होती. तुळई जेवढी, तेवढा खण. आणि घर किती खणी यावर त्याचे मोजमाप.

जुन्या सांध्यांची भोके हा आणखी एक प्रश्न. तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात खालच्या अंगास भोक असेल तर ती तुळई म्हणून वापरू नये. खांब, उंबरा किंवा जिन्याची पायरी करावी. कोणत्याही भारवाही कामासाठी शेवटचा निर्णय स्थापत्य अभियंत्याने घ्यावा. त्यास भारतीय मानक क्रमांक ८८३ मार्गदर्शक आहे. लाकडी सांगाड्याची आखणी कशी करावी हे त्यात दिले आहे.

७. कोकणातील दार दिल्लीच्या उन्हाळ्यात

लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते, आणि त्याबरोबर फुगते व आकसते. जेवढी हवा दमट, तेवढी लाकडाची आर्द्रता अधिक. कोकणच्या पावसाळ्यात लाकडातील आर्द्रता शेकडा १७-१८ पर्यंत चढते. दिल्लीच्या मे-जून महिन्यांतील कोरड्या हवेत ती शेकडा ७-८ पर्यंत उतरते. सागाचे परिघाच्या दिशेने होणारे आकुंचन आर्द्रतेच्या प्रत्येक टक्क्यास शेकडा ०.१८ च्या आसपास धरावे. म्हणजे कोकणातील घराच्या लाकडाची ३०० मिलिमीटर रुंद फळी दिल्लीत नेली आणि दहा टक्के आर्द्रता गेली, तर ती सुमारे ५ मिलिमीटर आकसेल. कस्तुरबा गांधी मार्गावरील एखाद्या सदनिकेत असे दार घाईने बसविले तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांत फटी पडतील.

तात्पर्य, जुने लाकूड 'मुरलेले' आहे म्हणून आकसणार नाही, हा समज चुकीचा आहे. ते जेथे मुरले तेथील हवेपुरतेच मुरलेले असते. नव्या जागी आणल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा खेळेल अशा रीतीने ते काही आठवडे रचून ठेवावे आणि मगच कापावे. भारतीय मानक क्रमांक २८७ मध्ये हवामानाप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून प्रत्येक विभागात लाकडाची आर्द्रता किती असावी हे सांगितले आहे.

*प्रयोग.* लाकडाच्या मधल्या भागातून एक छोटा तुकडा कापून त्याचे वजन करा. समजा ते १०० ग्रॅम भरले. तो भट्टीत १०३ अंश सेल्सिअस तापमानावर ठेवा व वजन घटणे थांबेपर्यंत अधूनमधून मोजा. समजा शेवटचे वजन ८८ ग्रॅम भरले. गेलेले पाणी १२ ग्रॅम. त्यास कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणल्यास आर्द्रता शेकडा १३.६ येते. भागाकार मूळ वजनाने नव्हे, तर कोरड्या वजनाने करावयाचा, हे विसरू नये.

८. आरोग्याचे धोके

जुन्या दारांवरील रंगाच्या थरांत शिसे असण्याचा मोठा संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाविषयी खात्री देता येत नाही. शिसे शरीरात गेल्यास मेंदू व मज्जासंस्था यांवर दुष्परिणाम होतो आणि लहान मुलांना त्याची बाधा विशेष होते. म्हणून जुना रंग कोरड्या काचकागदाने घासून काढू नये व दिवटीने जाळूनही काढू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा. तोंडावर धूळ रोखणारा योग्य मुखवटा बांधावा. खरवडलेला चुरा गोळा करून निराळा ठेवावा. आणि असे काम चालू असता मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या जागी येऊ देऊ नये. रंगविलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत वा शेकोटीत मुळीच घालू नयेत.

कीड जिवंत असल्यास लाकूड घरात आणण्यापूर्वीच उपाय करावा. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्या तापमानावर अर्धा तास ठेवणे ही लाकडी वेष्टनांसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य झालेली रीत आहे. जाड तुळईच्या मध्यापर्यंत एवढी उष्णता पोहोचण्यास कित्येक तास लागतात, हे ध्यानी ठेवावे. आतील वापराच्या लाकडास बोरिक आम्ल व टाकणखार यांचे द्रावण देता येते. ते पावसाने धुपून जात असल्यामुळे उघड्यावरच्या लाकडास उपयोगी नाही. लाकूड जतन करण्याच्या पद्धती भारतीय मानक क्रमांक ४०१ मध्ये सविस्तर दिल्या आहेत. डेहराडूनची वन संशोधन संस्था व रुडकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था या विषयांवर दीर्घकाळ काम करीत आल्या आहेत.

९. कोणते लाकूड कोठे वापरावे?

परीक्षेनंतर लाकडाचे तीन वर्ग पाडावेत. पूर्ण निरोगी, सरळ रेषांचे, मोठ्या छेदाचे लाकूड तुळया, खांब व चौकटी यांसाठी राखावे. लहान दोषांचे लाकूड जिन्याच्या पायऱ्या, दारांचे दिले, तक्तपोशी व जमिनीच्या फळ्या यांस द्यावे. उरलेल्या आखूड तुकड्यांचे पाट, फडताळे, खुंट्या, बाक होतात. चांगले लाकूड चिरून त्याच्या पातळ पट्ट्या केवळ भिंतीच्या शोभेसाठी लावणे हा त्याचा अपव्यय होय. जे पेलू शकते त्यास पेलू द्यावे.

सांधा करताना जुन्या सुतारांची कुसू व भोक यांची रीत शक्य तेथे ठेवावी. लाकडी खुंटीने बसविलेला सांधा पुढे पुन्हा मोकळा करता येतो. आज वाड्याचे लाकूड आपल्या हाती सुस्थितीत येते, कारण शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराने ते खिळ्यांनी जखडले नव्हते. आपणही पुढच्या पिढीसाठी तेच करावे. रंध्याने वाकसाच्या सर्व खुणा काढून टाकण्याचीही गरज नाही. तेवढाच छेद वाचतो.

अशा उपयोगाची उदाहरणे दूरची व जवळची, दोन्ही आहेत. लंडनमधील 'लिबर्टी' या दुकानाची १९२४ सालची इमारत दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या लाकडाने बांधली आहे. केरळात काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) पाडलेल्या घरांची दारे, खिडक्या व लाकूड मिळवून नव्या घरांत वापरीत आणि त्यायोगे बांधकामाचा खर्च कमी करीत.

१०. काय उचलू नये

जुन्या लाकडास मागणी आली की एक नवे संकट उभे राहते. कोरीव खांब व गणेशपट्ट्या यांना चांगली किंमत येते म्हणून अजून उभे असलेले, दुरुस्त होऊ शकणारे घरच मोडण्याचा मोह होतो. १९७२ सालच्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्याच्या व्याख्येत, इमारतीपासून सुटी केलेली व किमान शंभर वर्षांची वस्तूही येते, आणि पुराणवस्तू खाजगी रीतीने परदेशी पाठविण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याच्याही आधी विवेकाचा नियम असा की, जे घर वाचू शकते त्याचे लाकूड घेऊ नये. लाकडाची सर्वांत चांगली जागा ते आहे तीच होय.

घर पडणारच असेल तर पाडण्यापूर्वी त्याची मापे व छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक नगावर क्रमांक घालावा, आणि वरून खाली, ज्या क्रमाने सांधे जोडले गेले त्याच्या उलट क्रमाने ते सोडवावेत. पहारेने ओढून पाडलेली तुळई चिरफाळते; सांधा सोडवून उतरविलेली तुळई अखंड राहते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून एक दालन उभारलेले आहे. चेन्नईजवळ १९९६ साली खुल्या झालेल्या 'दक्षिणचित्र' येथे तर दक्षिणेतील जुनी घरे मूळ गावांहून सोडवून आणून पुन्हा उभी केली आहेत. काळजीपूर्वक उतरविलेले लाकूड पुन्हा उभे राहू शकते, याचे हे पुरावे होत.

११. समारोप

या पाठाचा सारांश थोडक्यात असा. लाकूड वयाने मरत नाही. ते ओलाव्याने, किडीने, अतिभाराने व आगीने मरते. म्हणून जुन्या लाकडाचे वय विचारण्यापूर्वी त्याची स्थिती तपासावी. तपासल्यावर जे घटले असेल ते हिशेबात धरावे, जे विषारी असेल ते सावधपणे काढावे, आणि जे निरोगी असेल त्यास त्याच्या योग्यतेचे काम द्यावे.

कर्झन रोडवरील बैठे बंगले गेले; पेठांतील पुष्कळ वाडे गेले. जे गेले ते परत येणार नाही. परंतु यापुढे एखादे जुने घर उतरविण्याची वेळ येईल तेव्हा त्याच्या तुळया सरपणाच्या काट्यावर जाव्यात की दुसऱ्या घराच्या छताखाली, हे ठरविणे आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारी साधने चाकू, हातोडी, सुतळी एवढीच आहेत. आणि लागणारा वेळ, पाडकामाची घाई करण्यापूर्वीचे फार तर चार दिवस.